अथेन्सला निघालो, जुन्नरला पोचलो

अथेन्सचं सगळं ठरलं होतं. म्हणजे व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं होतं. ग्रुपचं नाव 'ग्रीक सॅलड', डीपीला ॲक्रोपोलिसचा फोटो, आणि चार मेंबर. मी कल्याणची, ऐरोलीत कोड लिहिणारी. एक सीए, एक एचआर आणि एक धसईकर. कॉलेजपासून हीच नावं पडलीत, खऱ्या नावाने हाक मारली तर कुणी वळूनही बघणार नाही.

मग नेहमीचं सुरू झालं. शेंगेन व्हिसाची अपॉइंटमेंट मिळेना. सीएला क्लायंटचं ऑडिट लागलं. एचआरने ऑफिसातल्या शंभर जणांच्या रजा मंजूर केल्या, तिची स्वतःची मात्र नामंजूर झाली. आठ दिवसांचे पाच, पाचाचे तीन, आणि शेवटी हातात उरला एक वीकेंड. त्यावर धसईकराने मेसेज टाकला, 'ग्रीक बघायला एवढ्या लांब कशाला? आमच्या वरच्या अंगाला येऊन गेलेत ते. दोन हजार वर्षांपूर्वी. नावं पण कोरून गेलेत.'

वरच्या अंगाला म्हणजे घाटावर. म्हणजे जुन्नरला. आणि त्याला तसंही आत्याकडे तांदूळ पोचवायचे होते.

शुक्रवारी रात्री ऑफिस सुटल्यावर कल्याणहून मुरबाड, मुरबाडहून धसई. मुरबाड सुटलं की दिवे कमी होत जातात आणि मोबाइलची काडी एकेक करून गळते. धसई तसं लहानसं गाव, पण आसपासच्या पाड्यांची बाजारपेठ. किराणा, खत-बियाणं, कपडे, चप्पल, सगळं इथेच. तुम्हाला हे नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत असेल, तर बरोबर आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली आणि १ डिसेंबर २०१६ ला धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं 'कॅशलेस गाव' म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले होते. बँक ऑफ बडोदाने दुकानदारांना स्वाइप मशीन दिली होती आणि वडापावसाठी कार्ड घासतानाचे फोटो देशभर झळकले होते. पुढे नोटा परतल्या आणि लोक नोटांकडे परतले. मग क्यूआर कोड आला, त्याला ना उद्घाटन लागलं ना फोटो. आम्ही सकाळी चहा घेतला तिथेही तो चिकटवलेला होता. चहावाल्याने तरीही विचारलंच, ''सुट्टे आहेत का?''

रात्रीचं जेवण धसईकराच्या घरी. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुक्या बोंबलाची चटणी. ऑलिव्हची आठवण कुणालाही आली नाही! जेवताना काका एवढंच म्हणाले, ''तिला सांगा, गुडघ्याला तेल लावत जा.'' ती म्हणजे त्यांची बहीण, धसईकराची आत्या. लग्न होऊन घाटघरला गेली, नाणेघाटाच्या माथ्यावरच्या गावात. धसईच्या अंगणातून समोर सह्याद्रीची भिंत दिसते. ढाकोबाचा कडा तर अंगावर आल्यासारखा. त्या भिंतीच्या वर बहीण राहते, आणि दोघांची भेट होऊन चार वर्षं झालीत.

का, ते दुसऱ्या दिवशी पायांनीच सांगितलं.

धसईहून टोकावड्यामार्गे वैशाखरे गाठलं. जीप, सकाळी साडेसहाची. रस्त्यालगतच नाणेघाटाची वाट सुरू होते. पाच किलो तांदळाची पिशवी सीएच्या सॅकमध्ये, कारण जिमचा वार्षिक पास फक्त त्याच्याकडे आहे. पहिला तास जंगलातून सपाटीचा, मग चढ. वर बघितलं की 'नानाचा अंगठा' हा सुळका डोळ्यासमोर. शेवटच्या टप्प्यात दगडी फरसबंदी आणि पायऱ्या लागतात, आणि मधेमधे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. जरा विचार करा. घोडे, बैल, ओझी वाहणारी माणसं या नळीतून वर चढत होती, आणि कुणीतरी बसून हिशोब केला होता, की अमुक अंतरावर तहान लागेल, इथे टाकं हवं. एक्स्प्रेस हायवेवरच्या फूड मॉलचे आजोबाच ते.

हा रस्ता होता कशाचा, तर समुद्राचा. सोपारा आणि कल्याण ही बंदरं खाली, जुन्नर आणि पैठण या बाजारपेठा वर. मधे हा घाट. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत माझ्या कल्याणचं नाव आहे, 'कॅलिएना' असं. त्यात असंही म्हटलंय, की लेखकाच्या काळात कल्याण बंदराची अडवणूक चालू होती आणि चुकून तिकडे आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे इमिग्रेशनचा जाच तेव्हाही होताच, फक्त तेव्हा रांगेत ते होते.

माथ्याच्या जरा खाली लेणं आहे. बाहेरून बघाल तर साधी चौकोनी खोली. आत शिरलात की डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला भलामोठा शिलालेख. सातवाहनांची राणी नागनिका हिचा. नवऱ्यामागे राज्य सांभाळलेली राणी, असं अभ्यासक मानतात. अश्वमेधासारखे यज्ञ, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण, म्हणजे त्या काळातली नाणी. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, स्वतः नागनिका, सातकर्णी, महारठी, कुमार. वर नावं शिल्लक आहेत, खाली फक्त पावलांच्या खुणा. १८२८ मध्ये कर्नल साइक्सने या लेण्याची नोंद केली.

आमचा सीए या भिंतीसमोर जेवढा वेळ गप्प उभा राहिला, तेवढा तो ऑडिटमध्येही राहत नसेल. कारण या लेखात आकडे आहेत. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव अंकांपैकी हे. १, २, ४, ६, ७, ९ अशी चिन्हं, दहाला वेगळं, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही. २४,४०० एवढा आकडा शून्याशिवाय, वीस हजार, चार हजार आणि चारशे अशी चिन्हं मांडून लिहिलाय. ''बॅलन्स शीट आहे ही,'' सीए पुटपुटला. एचआर म्हणाली, ''आणि साइनिंग अथॉरिटी बाई आहे.''

वर आलं की तो प्रसिद्ध दगडी रांजण. जकातीचा रांजण म्हणतात, व्यापारी जाता-येता यात नाणी टाकत. आता त्यात वेफर्सची पाकिटं असतात. फोटो सगळेच काढतात, आम्हीही काढला, पण पाकीट बाहेर काढून मग.

घाटघरला आत्या दारातच होती. आल्या आल्या तिने भाच्याला पहिला प्रश्न काय विचारला असेल? तब्येत नाही, नोकरी नाही.

''वाट मोडली नाय ना रं?''

पंचेचाळीस वर्षांपूर्वी तिचं वऱ्हाड याच वाटेने वर आलं होतं. नवरी मुलगी पायी, वाजंत्री मागे. नंतरही वर्षानुवर्षं ती सणाला पहाटे निघायची आणि दुपारच्या जेवणाला धसईत असायची. आम्ही शहरातली माणसं 'ट्रेक' म्हणून जे करतो, त्याला ती 'माहेरी जाणं' म्हणते. मग गुडघे गेले. गाडीने जायचं तर आधी उलट्या दिशेला जुन्नर, तिथून माळशेज घाट उतरून टोकावडे, तिथून धसई. गाडी बदला, थांबा, पुन्हा बदला. सरळ खाली दिसणाऱ्या गावाला जायला अख्खा दिवस, आणि सोबतीला कुणी हवं ते वेगळंच.

''लग्न झालं तवा आम्हाला हाच परदेश होता,'' आत्या चुलीशी बसून सांगत होती. ''इथं मला अजून कोकणातली म्हणत्यात.'' घाटावर मुरबाडला कोकणच म्हणतात. घाटघरलाही पाऊस धो-धो, इथेही भात पिकतो. तरी तिने धसईच्या तांदळाची पिशवी उघडून मूठ नाकाशी नेली, आणि मग सुनेला सांगितलं, हा वेगळा ठेव.

तिथेच आमच्यात वाजलं. घाटातून गाडीरस्ता व्हावा की नाही? जुन्नरहून दाऱ्या घाटातून मुरबाडकडे थेट रस्ता हवा, ही जुनी मागणी आहे. दाऱ्या घाट इथून फार लांब नाही, पायथ्याला पळू, म्हणजे धसईचंच अंगण. एचआर आणि मी एकदम ''नको!'' म्हणून ओरडलो. जंगल जाईल, कडे फोडतील, मग रिसॉर्ट, मग मॅगी पॉइंट. माळशेजला पावसाळी रविवारी काय होतं ते बघितलंय आम्ही. धसईकर काही बोलला नाही. आत्या हसून म्हणाली, ''माझ्या लग्नापासून ऐकतीया रस्ता होणार. झाला असता तर भाऊ दिसला असता.''

यावर काय बोलणार? घाटातून डांबर जावं, असं मला अजूनही वाटत नाही. पण नागनिकेच्या काळात हा घाट म्हणजे निसर्ग नव्हता, तो हायवेच होता. कडा तेव्हाही फोडलाच होता. आम्ही फोटो काढला तो त्या फोडकामाचाच. हे डोक्यात आलं आणि मी चहाचा दुसरा कप मागितला.

निघताना धसईकर म्हणाला, ''आत्या, उद्या आमच्याबरोबर खाली चल. जुन्नरला ये, आम्ही चौघं आहोत.'' तिने म्हशीची, सुनेची, देवाची, सगळी कारणं दिली. जीप सुटेपर्यंत हो म्हणाली नाही.

संध्याकाळी जुन्नर. पुणे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, अरुंद पेठा, बसस्टँड, बाजार. पहिल्या नजरेत 'ऐतिहासिक शहर' वगैरे वाटत नाही. अथेन्सला विमानतळापासूनच ॲक्रोपोलिसच्या चुंबकांची दुकानं असतील; इथे कांदा-टोमॅटोचे ट्रक आहेत. पण मान वर केलीत की सगळीकडे डोंगर, आणि प्रत्येक डोंगराला खिडक्या. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी. दोनशेच्या वर लेणी या एका गावाच्या भोवती आहेत. रात्री मासवडी आणि रस्सा हाणला. पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी, यात मासा नसतो! बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वरून जिभेला चटका देणारा रस्सा.

शिवनेरीवर फार लिहीत नाही. शाळेच्या सहलीला तुम्ही गेलेलेच असणार. १६३० मध्ये शिवरायांचा जन्म झाला तो हा किल्ला, आणि जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या यादीतल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक. रविवारी पहाटे आम्ही तो खालूनच बघितला आणि लेण्याद्रीला गेलो, कारण मला तिथे एका कल्याणकराला भेटायचं होतं.

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या. सगळी गर्दी सातव्या लेण्याकडे, गिरिजात्मजाच्या दर्शनाला. अष्टविनायकांतला डोंगरावरचा हा एकच गणपती. दर्शन आम्हीही घेतलं. पण शेजारचं सहा नंबरचं लेणं रिकामं होतं. आत खांबांच्या दोन ओळी, टोकाला स्तूप, आणि बाहेरच्या आवाजाचा आत आल्यावर नुसता गुंजारव. इथल्या शिलालेखात म्हटलंय, की हे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताने, हेरणिकाच्या मुलाने, दान दिलं. 'हेरणिक' म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा. कल्याणचा माणूस! दुसऱ्या शतकातला! घाट चढून आला आणि परक्या गावात एवढी वास्तू बांधून गेला. मी कल्याणमध्ये सोसायटीच्या वर्गणीवरून भांडणारी माणसं बघत मोठी झालेय, त्यामुळे जरा हरखूनच गेले.

जुन्नरच्या लेण्यांतून देणगीदारांची अशी यादीच भेटते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने टाकं आणि मंडप दिला. राजे कमी, दुकानदार जास्त. आणि याच यादीत आमचे ग्रीक. तिघं यवन. इरिल, चिट आणि चंद. यवन म्हणजे ग्रीक, किंवा ढोबळ अर्थाने पश्चिमेकडचे परदेशी. नक्की कुठले, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली. चिटाने संघाला भोजनमंडप दिला. आणि चंदाने, ज्याचं नाव तर पार आपल्यातलंच झालंय, चैत्याचं दर्शनी दार दिलं.

चंदाचं दार मानमोडी डोंगरावर भूतलेण्यांत आहे. वाट घसरडी, पाटी नाही, आणि आग्या मोहोळं लटकलेली. परफ्यूम मारून जाऊ नका, आरडाओरडा करू नका, हे मनापासून सांगते. चैत्य आत अर्धवटच राहिलंय, पण वरची कमान बघा. कमळाच्या पाकळ्यांमध्ये गजलक्ष्मी, आणि तिथेच तीन शब्दांत तो परदेशी माणूस. यवन चंदाचं गर्भद्वार, बस्स. ना हुद्दा, ना कंपनी, ना 'मी इथे येऊन गेलो'. जवळच्या भिंतीवर विटेच्या तुकड्याने काढलेला बाण-हृदय आणि दोन नावं होती. त्यांनी काही दान दिल्याचा उल्लेख नाही.

सगळ्याच परदेशी पाहुण्यांना जुन्नर असं लाभलं नाही, हेही सांगायला हवं. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून इथवर आला आणि पावसाळाभर अडकला. विकायला आणलेला त्याचा घोडा इथल्या खानाने काढून घेतला. धर्म बदल, तर घोडाही मिळेल आणि हजार मोहराही. नाहीतर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंड वर. मुदत चार दिवस. शेवटी खुरासानच्या एका ओळखीच्या माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. व्हिसाची चार वेळा रिफ्रेश केलेली ती स्क्रीन मला एकदम सौम्य वाटायला लागली.

तुम्हाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाणेघाट सुंदर दिसतो, पण दगडी पायऱ्यांवर शेवाळ आणि गर्दी दोन्ही असतात. पाणी घरून न्या. मानमोडीला स्थानिक वाटाड्या घ्या, आणि त्याला पैसे रोख द्या.

दुपारी जुन्नर स्टँडवर आत्या उभी! सकाळच्या गाडीने एकटी आली होती, हातात पिशवी, डोक्यावर पदर. ''म्हैस सुनंला सांभाळाया दिली,'' एवढंच म्हणाली. कल्याणची एसटी खचाखच भरलेली. तिला कशीबशी खिडकी मिळवून दिली. कंडक्टर गर्दीतून आमच्यापर्यंत पोचला तेव्हा घाट जवळ आला होता, आणि रेंज गेली होती. क्यूआर स्कॅन होईना. चौघांची पाकिटं मिळून एक पाचशेची नोट, दोन विसाच्या आणि भरपूर कार्डं निघाली. वर कंडक्टरला सुट्टे हवे होते. आत्याने कनवटीची चंची सोडली आणि दहा-दहाची नाणी मोजायला घेतली. जुन्नरच्या दुकानात दहाचं नाणं कुणी घेत नाही म्हणून साठलेली. कंडक्टर खूश! बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट, म्हणून आम्ही तिघी निम्म्यात. धसईकर आणि सीए पुऱ्यात. उरलेले पैसे तिने पुन्हा मोजून चंचीत टाकले.

माळशेजचा बोगदा गेला, घाट उतरला. वैशाखऱ्याजवळ आत्याने खिडकीतून मान बाहेर काढली आणि अंगठा दिसेनासा होईपर्यंत तशीच बसली. टोकावड्याला ती आणि धसईकर उतरले. रात्री त्याचा ग्रुपवर मेसेज आला, 'दोघं ओट्यावर बसलीत. साडेअकरा वाजले. बाबा अजून आत यायला तयार नाहीत.'

सीएने एक्सेलमध्ये ट्रिपचा हिशोब टाकलाय. माणशी अडीच हजारांच्या आत. शेवटच्या ओळीत 'आत्या : देणे बाकी' असं लिहून रकाना पिवळा केलाय. ते पैसे ऑनलाइन पाठवता येणार नाहीत, तिच्याकडे तसला फोन नाही. म्हणून मार्चएंडच्या आधी घाटघरला जायचं ठरतंय, सुट्टे घेऊन.